नवा गडी लिंबूटिंबू होऊन बसतो, तेव्हा काय करायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं होऊन फाशांनी खेळायच्या खेळात, घरच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एकाच गोष्टीत, नवीन माणसं घेतली की एक दुखणं हमखास डोकं वर काढतं. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा) विचारतो, "तू काय करतेस?" नवी खेळाडू आधी कॅरेक्टर शीटकडे, म्हणजे तिच्या पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाकडे बघते, मग शेजाऱ्याकडे. शेजारी एका मंत्राचं नाव घेत म्हणतो, "अगं, सेक्रेड फ्लेम टाक." ती म्हणते, "हां, तेच." कुणीतरी तिच्या हातात बरोबर फासा ठेवतं, ती तो टाकते, बेरीज तिसरंच कुणीतरी करतं आणि पाळी पुढे सरकते. तीन तास हेच चालतं. जाताना ती "मस्त झालं" म्हणून जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, "या रविवारी जरा जमणार नाही."

लहानपणी लपाछपीत धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेत. ते सगळ्यांबरोबर पळायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि ते आउटही व्हायचं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर नव्या माणसाची गत नेमकी अशीच होते, आणि ती दोन बाजूंनी होते. जुने खेळाडू त्याच्या वतीने ठरवून टाकतात आणि डीएम त्याला काही होऊ नये म्हणून पडद्याआड फासे सांभाळून घेतो. दोघांच्याही मनात माया असते. पण ठरवलंही आपण नाही आणि जे घडलं तेही आपल्यामुळे नाही, अशा खेळात मोठं माणूस रमत नाही. नवख्यांना तयार करायला आपण घरी जे छोटं वेगळं कॅम्पेन चालवतो, त्यात हा दोष राहिला तर ते चालवण्याला अर्थ उरत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. आकडे २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, आमच्या टेबलावर तेच नियम चालतात.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

"तो लाजाळू आहे", "तिला नियम येत नाहीत" ही दोन निदानं फार लवकर केली जातात. ती करण्याआधी एकच गोष्ट तपासा: डीएमचा प्रश्न आणि फासा पडणं, या दोहोंच्या मध्ये कोण बोलतं? खेळ चालवता चालवता डीएमला हे टिपता येत नाही. सगळ्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि नंतर त्यातली फक्त एक लढाई ऐका. नव्या खेळाडूची पाळी आली की तीनपैकी एका रकान्यात खूण करा. त्याने स्वतः सांगितलं, त्याने कुणालातरी विचारून सांगितलं, की दुसऱ्याने परस्पर सांगितलं?

तिसरा रकाना भरलेला दिसला तर दोष टेबलाचा आहे, त्या माणसाचा नाही. दुसरा भरलेला असेल तर शीटमध्ये किंवा भीतीमध्ये गोम आहे. पहिल्याच रकान्यात खुणा असतील आणि तरीही माणूस कमी बोलत असेल, तर तो मुळातच कमी बोलणारा आहे आणि मजेत आहे. त्याला डिवचून बोलतं करायला जाऊ नका. खात्री हवी असेल तर "मजा आली का?" असं विचारून उपयोग नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "पुढच्या वेळी तुझं कॅरेक्टर पहिल्यांदा कुठे जाईल?" असं विचारा. ज्याला ठाम उत्तर आहे, तो खेळात आहे.

माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तिसराच रकाना भरतो.

जुन्या खेळाडूंना आवरायचं कसं

ही सवय या खेळाइतकीच जुनी आहे. १९७४ साली पहिले नियम छापले गेले तेव्हा त्यातल्या खेळाच्या नमुन्यात एकच खेळाडू सगळ्या पार्टीच्या, म्हणजे पात्रांच्या टोळीच्या वतीने रेफरीशी, म्हणजे आजच्या डीएमशी बोलताना दिसतो. त्याला कॉलर म्हणत. मोठ्या घोळक्यात ते सोयीचंही असेल. आज ती भूमिका कुणी नेमत नाही, पण ज्याला नियम पाठ आहेत तो आपोआप कॉलर होऊन बसतो. नव्या माणसालाही बरंच वाटतं, कारण चुकण्याची जोखीम टळते. म्हणूनच हे दुखणं आपोआप बरं होत नाही.

घरच्या टेबलावर त्यात नात्यांची भर पडते. धाकटी बहीण दादाबरोबर खेळायला आली की तिचं कॅरेक्टर दादाच चालवतो. सून आणि सासरे एकाच टेबलावर असले की सासऱ्यांची सूचना मोडायला सून धजत नाही, मग तिची जादूगार कितीही ताकदवान असो. यावर सगळ्यांसमोर बोलून काही होत नाही. जागा बदला. भावंडं, नवरा-बायको, ज्याने आणलं तो आणि जो आला तो, या जोड्या शेजारी बसवू नका. नव्याला डीएमच्या उजव्या हाताला बसवा. म्हणजे त्याने मान वर केली की समोर डीएम येतो, दादा येत नाही.

मग एक नियम करा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. लढाईत एक राउंड म्हणजे खेळातले ६ सेकंद. तेवढ्या वेळात ओरडून जे सांगता येईल तेवढंच दुसऱ्याला सांगायचं, तेही आपल्या पाळीत आणि आपल्या कॅरेक्टरच्या तोंडून. "डावीकडे बघ, झाडामागे आहे एक!" हे चालेल. "तू बोनस ॲक्शनमध्ये हीलिंग वर्ड टाक, मग कॅन्ट्रिप टाक आणि दहा फूट मागे सरक" हे चालणार नाही. हा नियम नव्याच्या बाजूने आहे असं जाहीर करू नका. तसं केलं की तो पुन्हा लिंबूटिंबू झाला.

नुसतं "गप्प बस" सांगून जुना खेळाडू गप्प बसत नाही. ज्याला सगळं सुचतं, त्याच्या सुचण्याला वाट करून द्यावी लागते. त्याला सेशनच्या आधी एकट्याला गाठा, चहा पाजा आणि राक्षस चालवायला द्या. शत्रूचे हिट पॉइंट (किती मार सोसून उभं राहता येतं तो आकडा), त्यांच्या चाली, त्यांचे फासे, सगळं त्याच्याकडे. हा उपाय मला सगळ्यात जास्त गुण देणारा वाटतो. त्याची हुशारी कामाला लागते, डीएमचं ओझं हलकं होतं, आणि मुख्य म्हणजे तो आता नव्याच्या विरुद्ध बाजूला असतो. गॉब्लिन, म्हणजे खेळातला छोटा राक्षस, कुणी क्लेरिकला, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्राला, सल्ला देत नाही. राक्षस चालवायचे नसतील तर इनिशिएटिव्हची, म्हणजे कुणाची पाळी कधी याची यादी सांभाळणं किंवा नियम शोधून देणं ही कामं आहेत, फक्त नियम डीएमने विचारला तरच सांगायचा.

आणि डीएमने थांबायला शिकायचं. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद शांतता झाली की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि आपणच पर्याय वाचायला लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. त्याच्या आधीच्या खेळाडूची पाळी सुरू होतानाच "यानंतर तू" असं सांगून ठेवा, म्हणजे विचार करायला त्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

शीटवरचं जंगल

लेव्हल १चा, म्हणजे अगदी पहिल्या पायरीवरचा क्लेरिक घ्या, विझ्डमचा मॉडिफायर (शहाणपणाच्या गुणामुळे मिळणारी भर) +३. त्याच्याकडे ३ कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र), तयार केलेले ४ स्पेल (मोजक्याच वेळा टाकता येणारे मंत्र) आणि डोमेनचे, म्हणजे त्याच्या देवाच्या क्षेत्राचे २, म्हणजे पहिल्याच दिवशी ९ मंत्र. शिवाय नियमपुस्तकातल्या १० ॲक्शन: हल्ला, मंत्र, धाव, माघार, बचाव, मदत, लपणं, तयारीत राहणं, शोधणं, वस्तू वापरणं. वर चालणं, बोनस ॲक्शन (त्याच पाळीतली जादा छोटी कृती) आणि रिॲक्शन (घडलेल्या गोष्टीला लगेच दिलेलं उत्तर). हे सगळं समोर ठेवून "काय करतेस?" विचारलं तर कुणीही शेजाऱ्याकडेच बघेल.

"नव्याला फायटर द्या, सोपा असतो" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. फायटर दिला की नवा माणूस दर पाळीला "मारतो" एवढंच म्हणतो आणि खेळ म्हणजे एवढंच, असा त्याचा समज होतो. त्याला जे व्हायचंय ते होऊ द्या, फक्त शीट पाहुण्यासारखं बाहेर बसवा. पहिल्या दोन सेशनना हातात तीन कार्डं द्या, पोस्टकार्डाएवढी. एकावर हल्ला: कुठला फासा, त्यात किती मिळवायचे, लागलं तर किती. दुसऱ्यावर तिच्या हातातली एक खास गोष्ट, समजा क्युअर वून्ड्‌स: शेजारच्याला हात लावायचा, १ आठबाजूंचा फासा + ३, आज असं दोनदाच जमेल. तिसऱ्यावर काहीच लिहू नका. वर फक्त "आणि बाकी जे सुचेल ते" एवढं. हे तिसरं कार्ड पहिल्या दोघांपेक्षा महत्त्वाचं आहे.

कार्डं मराठीत करा. या नियमांचा मूळ गाभा, म्हणजे सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. योग्य श्रेय देऊन त्यातल्या मजकुराचं भाषांतर करायला, छापायला आणि वाटायला कुणाची आडकाठी नाही. एका गटाने केलेली कार्डं दहा गटांना वापरता येतील.

फाशांची गंमत वेगळीच. आठ बाजूंचा आणि दहा बाजूंचा फासा नव्याला सारखाच दिसतो, आणि दर पाळीला "हा का?" असं विचारावं लागलं की माणूस ओशाळतो. प्रत्येक फासा वेगळ्या रंगाचा घ्या आणि कार्डावर त्याच रंगाचा ठिपका काढा. विषय संपला.

पाळी येते कधी आणि आल्यावर होतं काय

एक हिशोब मांडून बघा. पाच खेळाडू आणि डीएमचे राक्षस मिळून ६ पाळ्या. प्रत्येकी ३ मिनिटं धरली तर एक राउंड १८ मिनिटांचा. चार राउंडची लढाई ७२ मिनिटं चालते, त्यात नव्या माणसाच्या वाट्याला १२ मिनिटं येतात. आता त्याचा हल्ल्याचा बोनस +५ आणि गॉब्लिनचा आर्मर क्लास (वार लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५ असेल, तर लागायला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. चारपैकी जवळजवळ दोन वार वाया. सव्वा तासात दोनदा "चुकलं, पुढचा" ऐकून घ्यायचं आणि पुन्हा गप्प बसायचं.

म्हणून पहिल्या सेशनची लढाई छोटी ठेवा, आणि वार हुकला तरी काहीतरी हलू द्या. वार हुकला, पण गॉब्लिन मागे सरकला आणि आता त्याच्या पाठीशी कडा आहे. याला नियम लागत नाही, डीएमचं वाक्य लागतं.

मरणाची भीती आणि डीएमची दया

लेव्हल १ हा या खेळातला सगळ्यात जीवघेणा टप्पा आहे आणि आपण नव्यांना नेमकं तिथूनच सुरू करायला लावतो. विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे हिट पॉइंट ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर, समजा ७. आर्मर क्लास १४. गॉब्लिन +४ने हल्ला करतो, म्हणजे ५५ टक्के वेळा लागतो, आणि एका वारात १ सहाबाजूंचा फासा + २ एवढं नुकसान. फाशावर ५ किंवा ६ आले की एकाच वारात विझार्ड आडवा. दोन वार लागले तर सरासरी ११. म्हणजे दोन गॉब्लिन त्याच्या अंगावर गेले की पहिल्याच राउंडला खेळ आटोपू शकतो. आडवा पडल्यावर दर पाळीला एक डेथ सेव्ह: १० किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश, तीन यशांवर जीव वाचतो, तीन अपयशांवर जातो. बाकी काही करायचं नाही, बसून राहायचं. ज्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी हे येतं, तो पुढच्या वेळी स्वतः काही ठरवायचं टाळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

यावर डीएम पडद्याआड फासा बदलतो. कृपा करून हे करू नका. एक-दोनदा खपतं, मग टेबलाला कळतं, आणि ज्याला वाचवलं त्याला सगळ्यात आधी कळतं. सोपं करायचं ते फासा पडण्याआधी करा, पडल्यावर त्याला हात लावू नका. चारच्या ऐवजी दोन गॉब्लिन ठेवा. त्यांना माणसं मारण्यापेक्षा दुसरं काही हवं असू द्या: शेळी पळवायची आहे, धान्याचं पोतं न्यायचं आहे, वाटेवरच्या पहारेकऱ्याला हुसकवायचं आहे. अंगावर पहिला वार पडला की ते पळून जाऊ शकतात. मरेपर्यंत लढलंच पाहिजे असं कुठल्याही राक्षसाच्या पानावर लिहिलेलं नाही. पहिलं साहस संपलं की लगेच लेव्हल २ द्या, त्यासाठी ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजत बसू नका. मग फासे खुले टाका, सगळ्यांसमोर.

तरीही कुणी पडलंच, तर त्याच्या हातात लगेच दुसरं पात्र द्या. गावचा गुराखी, सोबत आलेला वाटाड्या, नाहीतर शत्रूपैकी एक. डेथ सेव्ह चालू असताना माणूस खेळत राहिला पाहिजे.

नव्याला माहीत असलेली जागा

टॅव्हर्नमध्ये, म्हणजे खेळातल्या गुत्त्यात काय काय असतं, कुणाशी काय बोलायचं, हे ज्याने खेळ पाहिलेला नाही त्याला ठाऊक नसतं. वाड्याला मागचं दार असतं, हे त्याला ठाऊक असतं. माझं शिकाऊ कॅम्पेन घाटमाथ्यावरच्या एका गावात घडतं. एक पडका वाडा, एक बारव, गावाबाहेर देवराई, खाली उतरणारी घाटवाट. देवराईतली फांदी तोडायची नसते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे एखाद्याने ती तोडलीच तर पुढे काहीतरी होणार, हेही सगळ्यांना आधीच कळतं. नियम शिकायच्या आधीच माणूस अंदाज बांधायला लागतो, आणि अंदाज बांधता आला की ठरवता येतं.

भाषेचंही तसंच. पुस्तकं इंग्रजी म्हणून टेबल इंग्रजीत बोलायला लागतं, आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा सगळ्यांसमोर नाटकातल्यासारखं इंग्रजी बोलायची वेळ आली की आखडतो. इनिशिएटिव्ह, सेव्हिंग थ्रो, आर्मर क्लास हे शब्द आहेत तसे राहू द्यात, पण गावची म्हातारी "काय रं पोरा, कुणाचा तू?" म्हणूनच विचारू द्या. समोरून असं आलं की उत्तर आपोआप निघतं, "आजी, आम्ही घाटाखालचे."

हे सगळं एकत्र आल्यावर टेबलावर कसं दिसतं, ते एका प्रसंगातून सांगते. बारवेच्या तळाशी एक गॉब्लिन, हातात तिरकमठा. सतरंजीवर खडूने काढलेली चौकट, कॅरमच्या काळ्या सोंगट्या म्हणजे गॉब्लिन आणि लाल राणी म्हणजे त्यांचा म्होरक्या. नवी खेळाडू क्लेरिक. तिची पाळी आली. शांतता. दोन कार्डं उलटसुलट करून झाली. मग ती म्हणाली, "बारवेला पायऱ्या असतात ना? मी वरून त्याच्यावर घोंगडं टाकलं तर?"

एक जुना खेळाडू बोलायला निघाला होता, त्याच्याकडे न बघता मी तिला विचारलं, "कुणाचं घोंगडं?"

"त्या गुराख्याचं. तो वर बसलाय ना."

"देईल तो. नेम धरून टाकायला लागेल. वीसचा टाक आणि त्यात २ मिळव. १२ झाले की बसलं."

१४ झाले. घोंगड्याखाली गॉब्लिन आंधळा, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच्यावर ॲडव्हांटेज: वीसचे दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा. त्या नियमाचं नाव तिला तेव्हा कळलं, आणि ते तिने नंतर कधी विचारलं नाही. शिवाय त्या गॉब्लिनला आता तिच्यावर बाण मारायचा तर डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला लहान घ्यायचा. सेक्रेड फ्लेमने फार तर ८ नुकसान झालं असतं. घोंगड्याने नुकसान शून्य झालं आणि लढाई फिरली.

इथे डीएमने काय केलं ते बघा. घोंगड्याला नियम आहे का, हे शोधत बसले नाही. आधी तिला काय करायचंय ते पूर्ण ऐकलं, मग आकडा लावला, आणि यश मिळाल्यावर त्याचा परिणाम खरोखर दिला. या क्रमातलं काहीही चुकलं, विशेषतः "तसं करता येत नाही" हे आधी आलं, तर नवा माणूस पुन्हा कार्डांकडे वळतो आणि बराच वेळ तिथून वर बघत नाही. त्याने सुचवलेलं खरंच अशक्य असेल तर कॅरेक्टरला जे दिसतंय ते सांगा: "घोंगडं लहान आहे, आणि तो खांबाआड आहे." मग दुसरं सुचतं.

बरं झालं म्हणेपर्यंत पुन्हा उलटतं

दोन महिने सगळं छान चालतं आणि अचानक तीच खेळाडू पुन्हा शेजाऱ्याकडे बघायला लागते. तीन ठिकाणी हे हमखास होतं.

एक, मोठ्या खंडानंतर. दिवाळी, परीक्षा, लग्नसराई, कुठलाही महिनाभराचा खंड पडला की निम्मं विसरलेलं असतं. अशा वेळी "मागच्या वेळी काय झालं सांग बरं" असं नव्याला सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे तोंडी परीक्षाच. मागचं डीएमने सांगावं आणि त्याला फक्त त्याच्या कॅरेक्टरबद्दल एक प्रश्न विचारावा, "त्या रात्री तू गुराख्याच्या घरी का थांबलीस?"

दोन, लेव्हल ५ला. लढवय्यांना एका ॲक्शनमध्ये दोन हल्ले, जादूगारांना तिसऱ्या पातळीचे मंत्र, प्रोफिशिएन्सी बोनस (कसबामुळे फाशात मिळणारी भर) +२चा +३. एकदम इतकं बदलतं की सवयीचा माणूसही गांगरतो. १९७७ साली नवख्यांसाठी पहिली वेगळी पेटी निघाली, ती पहिल्या तीन लेव्हलपुरतीच होती, आणि शिकाऊ कॅम्पेनसाठी मला अजूनही तीच हद्द योग्य वाटते. लेव्हल ३ झाली की हे कॅम्पेन थांबवा.

तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं. टेबलावर आणखी एक नवा माणूस येतो, आणि कालपर्यंत गप्प असलेली खेळाडू त्याच्या शेजारी सरकून बसते: "अरे, तू बाण मार ना." तिला आता येतंय याचा तिला आनंद आहे, आणि तो दिसतोही. तिला टोकू नका. पुढच्या लढाईत कॅरमच्या सोंगट्या तिच्याकडे द्या आणि गॉब्लिन तिला चालवू द्या.

शिकाऊ कॅम्पेनमधून मुख्य कॅम्पेनमध्ये कधी न्यायचं, असं नेहमी विचारलं जातं. नियम किती पाठ झाले, हे मी बघत नाही. जुन्या खेळाडूने त्याच्या पाळीत खेळातूनच, सरळ दिलेला चांगला सल्ला ऐकून नवा माणूस "नको, मी वाड्यात मागच्या दाराने जातो" म्हणाला आणि गेला, की तो तयार झाला. मग तेच कॅरेक्टर पुढे न्या, नवं करायला लावू नका. पण मुख्य पार्टी लेव्हल ७ची असेल तर लेव्हल ३चा माणूस थेट तिच्यात सोडू नका. मधल्या चार लेव्हलसाठी दोन-तीन संध्याकाळी एकट्याला वेळ द्या. दर वेळी एक-दोन लेव्हल वाढवायच्या, त्यातून येणाऱ्या नव्या गोष्टींची कार्डं त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, आणि प्रत्येक कार्ड त्याच संध्याकाळी एखाद्या छोट्या झटापटीत वापरून बघायचं. पार्टीतल्या दुसऱ्या कुणाला त्या संध्याकाळी बोलावू नका.